'हंडा' हा शब्द तुमचा, काका

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

शनिवारी डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात प्रयोग झाला. तिकीट लावून, दीड तास, फक्त मी आणि माझी विडंबनगीतं, असा हा पहिलाच. पेटी तुमची होती, वाजवणारे हात तुमच्या दुसऱ्या शिष्याचे. गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही. 'हंडा' म्हटलं, हशा उठला, आणि मी सवयीनं डावीकडे पाहिलं. तुम्ही तिकडेच बसायचात.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय मोडता. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. नात वाचून दाखवेल. संपेपर्यंत उठू नका.

आठ वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले तेव्हाचं तुम्हाला पूर्ण माहीत नाही, ते आधी सांगते. ऑफिस सुटलं की मी अंधेरीला ओपन माइकला जायचे. पाच मिनिटं मिळायची. कधी रात्री साडेअकराला नंबर लागायचा, मग शेवटच्या गाडीची धावपळ. माझा कार्यक्रम म्हणजे ओळखीच्या गाण्यांवर नवे शब्द. मोबाइलवर कराओकेचा ट्रॅक लावायचा आणि म्हणायचं. पहिल्या कडव्याला लोक हसायचे. दुसऱ्याला कमी. तिसऱ्यापर्यंत खुर्च्यांचे आवाज सुरू. दर वेळी तेच. मला वाटायचं ओळी कमी पडतात, म्हणून रात्री बसून ओळी बदलायचे. एका ठिकाणी तर गाणं अर्ध्यावर असताना ट्रॅक बंद करून पुढच्याला बोलावलं. त्या रात्री गाडीत बसल्यावर ठरवलं होतं की हे आता पुरे.

तरीही पेटी घेतली. वाडीतल्या भजनी मंडळानं विकायला काढली होती. भाता भरला की काळी दोनचा सूर आपोआप वाजत राहायचा, थांबायचाच नाही. कोणीतरी तुमचं नाव सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत, भजनाला साथ करतात, घरीच पेट्या दुरुस्त करतात.

तुमच्या गॅलरीतला तो पहिला दिवस मला जसाच्या तसा दिसतो. खाली वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पेटीचे पितळी सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पट्ट्या, ओळीनं मांडलेले, बोटभर लांबीचे, काही त्याहून लहान. अडकलेल्या सुराच्या जिभेखालून तुम्ही धुळीचा एक कण काढलात आणि तो आवाज थांबला. मग एक सूर चढवायचा होता. तुम्ही कानस घेतलीत. जिभेच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, हे मला तेव्हा कळलं. दोन वेळा घासायचं, वाजवून बघायचं, परत दोन वेळा. मी म्हटलं, एकदम जास्त घासलं तर? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पितळ परत येत नाही."

मग विचारलंत, गातेस काय? मी माझं विडंबन म्हटलं, हातवाऱ्यांसकट. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आता मूळ म्हण."

अंतऱ्याला मी घसरले. एक जागा चुकीची, एक ओळ आठवेना.

"पोरी, सरळ येत नाही ते वाकडं कशी करणार?"

काका, हे वाक्य तेव्हा मला फार लागलं होतं. घरी येऊन रडले. पण बुधवारी परत आले. पुढचे तीन महिने, बुधवार आणि रविवार, तुम्ही माझ्याकडून फक्त मूळ गाणी म्हणून घेतलीत. अकरा गाणी. एक अक्षर बदलू दिलं नाहीत. कुठे मिंड आहे, म्हणजे सूर घसरत दुसऱ्यावर जातो, कुठे कवीनं ऱ्हस्वाचं दीर्घ केलंय, गायकानं श्वास कुठे घेतला, सगळं. मला विनोद करायचा होता आणि तुम्ही मला गाणं शिकवत होतात. त्या तीन महिन्यांत मी त्या गाण्यांच्या प्रेमात पडले. आज मी ज्या गाण्याचं विडंबन करते ते मला मुळातून आवडत असतं. हे तुमच्याकडून आलं, आणि याच्याइतकं मोठं मला दुसऱ्या कोणी काही दिलेलं नाही.

तेव्हाच तुम्ही ते जुनं नाट्यपदांचं पुस्तक काढलंत, पानं तपकिरी झालेली. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' छापलेली. बोट ठेवून दाखवलंत की ही लावणीची चाल आहे, ही कीर्तनातली, ही दिंडी, ही साकी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' आणलं तेव्हा लोकांच्या कानात आधीच बसलेल्या चालींवर नवे शब्द ठेवले, आणि लोकांनी ते घरी नेले. "चालीवर शब्द बसवणं हे आपलं जुनं काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण काम म्हणून कर." घरच्यांना, मैत्रिणींना मी तोवर दबक्या आवाजात सांगायचे की मी 'असंच काहीतरी' करते. त्या दिवसापासून मी 'विडंबनगीतं लिहिते' असं सरळ सांगायला लागले.

अत्र्यांचं उदाहरणही तुमचंच. 'केशवकुमार' या नावानं त्यांनी रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या कवितेची टर उडवली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच नावानं त्यांनी 'आजीचे घड्याळ' लिहिली, हे लोक विसरतात. तुम्ही ती कविता पाठ म्हणून दाखवलीत, पूर्ण, आणि शेवटी गॅलरीबाहेर बघत थोडा वेळ गप्प बसलात.

आता हंड्याचं सांगते. इथे वाचणाऱ्यांना ते कळायलाच हवं.

मी पाण्याच्या टंचाईवर गाणं लिहिलं होतं. आपल्या डोंबिवलीजवळच्या सत्तावीस गावांतल्या बायकांच्या रांगा, रात्री दोनला येणारं पाणी. एका जुन्या भावगीताची चाल घेतली होती. ध्रुवपदाच्या शेवटी मूळ गाण्यात आकारान्त शब्द आहे आणि त्या 'आ'वर गायिका लांब तान घेते. तिथे मी 'टँकर' बसवला होता. अर्थ चोख, मात्राही बरोबर. तुम्ही दोनदा ऐकलंत आणि म्हणालात, "तान घे." मी घेतली. 'टँकर'च्या 'र'वर आवाज जाऊन आपटला. तोंड मिटत होतं, सूर पुढे जाईना.

"ऐकणाऱ्याच्या कानात मूळची तान चालूच असते. तू ती बंद केलीस की त्याला चूक ऐकू येते, विनोद नाही. आकार जिथे आहे तिथे आकारच दे."

मग तुम्ही बोटांनी सूर धरून ठेवलात आणि दोघं शब्द शोधत बसलो. घागरी झालं, ईकार आला. कळशी, तोही ईकार. नळाला, जमेना. आतून काकूंनी विचारलं की आज पाणी भरलंय का, आणि तुम्ही पेटीवर हात तसाच ठेवून म्हणालात, "हंडा."

रिकामा हंडा. हंडाऽऽऽ. ती तान त्या 'आ'त शिरली आणि रिकाम्या भांड्यात घुमावी तशी घुमली. काकू दारात येऊन हसत उभ्या राहिल्या. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं हसू, असं मी मानते. टँकर म्हटलं की लोकांना बातमी आठवायची. हंडा म्हटलं की स्वतःची कंबर आठवते. मी अजूनही प्रत्येक विडंबनात आधी मूळ गाण्याचे स्वर लिहून काढते, आ, ई, ओ, असे एकाखाली एक, आणि मग शब्द शोधते.

तिसऱ्या कडव्याला लोक का गळतात, तेही तुम्हीच सांगितलंत. तुम्ही मोबाइलवरचा तो ट्रॅक ऐकलात आणि विचारलंत, "लोक हसले की हा थांबतो का?" नाही थांबत. हशा चालू असतानाच पुढची ओळ निघून जाते, अर्धी ऐकू येते, धागा तुटतो, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत लोक हसायचंच सोडून देतात, कारण हसलं की पुढचं चुकतं. मी वर्षभर ओळी बदलत होते आणि दोष ट्रॅकमध्ये होता! "साथीला माणूस पाहिजे," म्हणालात. "ताल केरवा, आठ मात्रांचं एक आवर्तन. तुझा हशाचा शब्द समेवर, पहिल्या मात्रेवर टाक. हशा उठला की मी आवर्तनं भरत राहतो. दोन लागोत, पाच लागोत. ओसरला की तुला सूर देतो, मग सुरू कर."

आणि ती साथ करायला तुम्ही स्वतः आलात. वय चौऱ्याहत्तर, धोतर, काळी टोपी. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी भरलेल्या त्या तळघरात तुम्ही पेटीपुढे भजनाला बसावं तसे बसलात. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. लोक हसत होते आणि तुम्ही शांतपणे आवर्तन भरत होतात, कान हशाकडे. त्या रात्री पहिल्यांदा तिसऱ्या कडव्याला जास्त हशा आला. घरी जाताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "दुसऱ्या अंतऱ्यात घाई केलीस."

तबलजी आला नाही तो दिवस आठवतो? माझ्या भावानं पेटीच्या लाकडी खोक्यावर केरवा धरला. तेव्हा मी तुम्हाला अमेरिकेतल्या विडंबनगीतं गाणाऱ्या 'विअर्ड अल' यँकोविकबद्दल सांगितलं होतं. तुम्हाला तो माणूस इतका आवडला की पुढे कितीतरी दिवस "तुझा तो अॅकॉर्डियनवाला काय म्हणतो?" असं विचारायचात. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यामुळे अॅकॉर्डियन शिकलेला मुलगा, पहिली शिकवणी सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. १९७९ साली कॉलेजच्या रेडिओ स्टेशनासमोरच्या स्वच्छतागृहात, आवाज चांगला घुमतो म्हणून, त्यानं एक विडंबन रेकॉर्ड केलं. १९८० च्या सप्टेंबरात रेडिओवर थेट गाताना एका मित्रानं अॅकॉर्डियनच्या पेटाऱ्यावरच ठेका धरला. तुम्ही खोक्यावर थाप मारून म्हणालात, "भाता आणि पितळी सूर. आपल्याच घराण्यातला आहे!" २०१४ साली त्याचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, विनोदी अल्बम तिथे पोहोचायला १९६३ नंतर इतकी वर्षं लागली, हे सांगितल्यावर तुम्ही काकूंना हाक मारून परत सांगायला लावलंत.

त्याच्या मागे डॉ. डिमेंटो नावाचे रेडिओवाले होते. सोळा वर्षांच्या पोरानं घरी भरून पाठवलेली कॅसेट त्यांनी १९७६ साली आपल्या कार्यक्रमात लावली. कोणीतरी आधी ऐकून घेतलं, म्हणून पुढचं सगळं झालं. ते वाचलं तेव्हा मला तुमची गॅलरी आठवली.

परवानगीचा आग्रहही तुमचा. मी कायदा वाचून आले होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, विडंबन हा शब्द मात्र त्यात नाही. अमेरिकेत १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं विडंबनाला रास्त वापराचा आधार मिळू शकतो असं सांगितलं. तरीही यँकोविक मूळ कलावंताला विचारतो. १९९६ साली रॅपर कूलिओच्या बाबतीत होकाराचा निरोप मधल्या लोकांकडून आला, कूलिओ म्हणाला मी होकार दिलाच नव्हता, आणि तेव्हापासून यँकोविक स्वतः थेट विचारायला लागला. हे सगळं मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं सांगत होते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग तू कधी जातेस त्यांच्याकडे?"

भावगीताचे कवी तेव्हा हयात होते. तुम्ही माझ्याबरोबर आलात, पेटी रिक्षात मांडीवर घेऊन. त्यांच्या हॉलमध्ये गाताना माझे हात थरथरत होते. दुसऱ्या कडव्याला ते हसले, हंड्याच्या तानेला डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले की एक शब्द बदल, आणि बदलून दिला. तो शब्द मी आजही त्यांचाच म्हणून गाते आणि प्रयोगात तसं सांगते. आज ते नाहीत. तुम्ही मला त्या दिवशी नेलं नसतंत तर ती दुपार माझ्या वाट्याला आलीच नसती.

काका, शिकवणीचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. प्रयोगाची बिदागी पाकिटात घालून दिली तर त्यातून भजनी मंडळाला टाळ आणलेत. मी काय द्यावं हे मला खरंच सुचत नाही. शनिवारी पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची मी तुमच्या नावानं रिकामी ठेवली होती. तिथे काकूंनी दिलेली शाल घडी घालून ठेवली. हंड्याच्या जागी पाच आवर्तनं भरावी लागली. पाच, काका. तुमच्या शिष्यानं नीट भरली, घाई केली नाही.

रविवारी सकाळी पेटी परत घेऊन येते. खर्जाचा पंचम थोडा उतरलाय. मी कानस लावलेली नाही.

तुमची,
बुधवार-रविवारवाली पोर