‘फुटीर प्रांत’ नेमका कुणापासून फुटला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तैवानच्या सामुद्रधुनीतील चिनी लष्करी कवायतींची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी एक आणि बेटाची नावे तीन. मथळ्यात ‘फुटीर प्रांत’, पहिल्या परिच्छेदात ‘चीनपासून वेगळे झालेले बेट’ आणि शेवटच्या ओळीत ‘तैवान हा देश’. त्याच दिवशी क्रीडा पानावर ‘चायनीज तैपेई’, ते चौथे. मी पस्तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. एकाच मजकुरात एका गोष्टीला तीन नावे दिसली की हात अजूनही पेन्सिलीकडे जातो. पण ही चूक नुसत्या विसंगतीची असती तर पत्र लिहिले नसते. मथळ्यातला शब्द बीजिंगच्या तोंडचा आहे आणि तो अवतरणचिन्हांशिवाय छापून आपण तो आपल्या तोंडी घेतला आहे.

फुटायचे तर आधी एकत्र असावे लागते. चिनी लोकप्रजासत्ताकाची स्थापना १ ऑक्टोबर १९४९ची. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या राजवटीने तैवानवर एक दिवसही कारभार केलेला नाही. तैवानच्या राजधानीत, तैपेईत, जे सरकार आहे त्याचे घटनात्मक नाव ‘चीनचे प्रजासत्ताक’, स्थापना १९१२. माओंच्या साम्यवाद्यांशी झालेल्या यादवीत हरल्यावर डिसेंबर १९४९मध्ये राष्ट्रवादी नेते च्यांग कै-शेक ते सरकार घेऊन बेटावर गेले आणि पुढची कित्येक वर्षे सगळ्या चीनचे खरे सरकार आपणच, असे सांगत राहिले. त्यांच्या लेखी फुटीर होते माओ! थोरल्या घरातून धाकटा बाहेर पडला की धाकट्याने थोरल्याला बाहेर काढले, याचा निवाडा कुणाला करायचा तो करू द्या. बातमीच्या मथळ्यात तो परस्पर उरकू नये.

त्याच्या मागे गेलो तर गुंता आणखी वाढतो. नेताजींच्या विमान अपघाताची हकिकत ज्यांनी वाचली असेल त्यांना ‘तैहोकू’ हे नाव आठवेल. तैहोकू म्हणजेच आजचे तैपेई. १८ ऑगस्ट १९४५ रोजी त्या गावाचे नाव जपानी होते, कारण १८९५च्या शिमोनोसेकी तहाने चीनच्या छिंग राजघराण्याने ते बेट जपानला देऊन टाकले होते. पन्नास वर्षे तिथे जपानची सत्ता होती. छिंग राजवट त्याआधी १६८३पासून होती खरी, पण बेटाला वेगळ्या प्रांताचा दर्जा मिळाला तो अगदी अखेरीस, १८८०च्या दशकात. प्रांत म्हणून ते छिंगांकडे दहा-बारा वर्षेही राहिले नाही. त्यांच्याही आधी डच होते, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या भाषांचे नाते चिनी भाषेशी नाही. ते फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या भाषांशी आहे. ते आज लोकसंख्येच्या जेमतेम अडीच टक्के आहेत, त्यामुळे ‘हे बेट मुळात कुणाचे’ या भांडणात त्यांना कुणी विचारत नाही.

चीनची बाजू पोकळ आहे असे मी म्हणत नाही. छिंगांची दोनशेहून अधिक वर्षे खोटी नाहीत. १९४३च्या कैरो जाहीरनाम्यात हे बेट चीनला परत मिळावे असे चर्चिल, रूझवेल्ट आणि च्यांग यांच्या नावाने म्हटले होते आणि १९४५मध्ये च्यांग यांच्या फौजांनी ते ताब्यात घेतले. त्यामुळे ‘पुनरेकीकरण’ या बीजिंगच्या आवडत्या शब्दातल्या ‘पुनर्’ला थोडा आधार आहे. गाडी अडते ती १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को करारात. त्या करारात जपानने बेटावरचा हक्क सोडला, पण कुणासाठी सोडला ते लिहिलेच नाही. ही गाळलेली जागा नजरचुकीची नव्हती. बीजिंग की तैपेई, यावर करार करणाऱ्यांचेच एकमत नव्हते, म्हणून ती मुद्दाम कोरी ठेवली. सत्तर वर्षांहून अधिक काळ जो वाद चालला आहे, त्याचे निम्मे कायदेशीर मूळ या एका कोऱ्या जागेत आहे.

आपल्याच बातमीत असेही वाक्य होते की ‘संयुक्त राष्ट्रांनी १९७१मध्ये तैवान चीनचा भाग असल्याचे मान्य केले’. २५ ऑक्टोबर १९७१चा तो २७५८ क्रमांकाचा ठराव छोटा आहे, पाच मिनिटांत वाचून होतो. चीनच्या जागेवर बीजिंगचे प्रतिनिधी बसतील आणि ‘च्यांग कै-शेक यांच्या प्रतिनिधींना’ बाहेर काढावे, एवढेच त्यात आहे. बाजूने ७६ मते, विरुद्ध ३५. भारताचे मत बाजूने. ‘तैवान’ हा शब्द त्यात एकदाही येत नाही. जागा कुणाची ते ठरले, जमीन कुणाची ते ठरले नाही.

खरी गंमत भाषांतराची आहे, आणि माझा जीव तिथेच रमतो. अमेरिकेने १९७२ आणि १९७९च्या निवेदनांत चीनच्या भूमिकेबद्दल इंग्रजीत ‘अक्नॉलेज’ हे क्रियापद वापरले. मराठीत त्याचे मी ‘दखल घेतली’ असे करीन. तुमचे म्हणणे ऐकले, वाद घालत नाही, इतपत. १९७२च्या चिनी मसुद्यात तसाच सौम्य शब्द होता. १९७९च्या चिनी मसुद्यात मात्र त्या जागी ‘मान्य करणे’ या अर्थाचा शब्द आला. दोन्ही बाजूंनी आपापली प्रत खिशात घातली. कॅनडाने १९७०मध्ये आधीच ‘नोंद घेतो’ म्हणून वाट काढली होती, तर जपानने १९७२मध्ये ‘पूर्ण समजतो आणि आदर करतो’ असे म्हटले. ही सगळी माणसे शब्दांना इतकी जपून वागली आणि आपल्या वार्ताहराने सरसकट ‘मान्यता दिली’ लिहून मोकळे व्हावे? ‘एक चीन तत्त्व’ आणि ‘एक चीन धोरण’ यांतही असाच फरक आहे. तत्त्व बीजिंगचे आणि त्यात तैवान चीनचा भाग आहेच. धोरण इतर देशांचे, आणि ते ज्याचे त्याचे वेगळे.

आपल्या देशाचेच पाहा. भारताने १९४९ संपता संपता बीजिंगला मान्यता दिली, त्यामुळे तैवानशी राजनैतिक संबंध नाहीत. १९९५पासून तैपेईत आपली ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आहे. २०१०नंतर चीनबरोबरच्या संयुक्त निवेदनांतून दिल्लीने ‘एक चीन’ हे शब्द गाळले. धोरण बदलल्याची घोषणा नाही, शब्द मात्र नाहीत. ऑक्टोबर २०२४मध्ये खुद्द मुंबईत तैवानचे कार्यालय उघडले, तेही ‘तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र’ या नावाने. दूतावास नाही, वकिलात नाही, देशाचे नावसुद्धा नाही, नुसते राजधानीचे. तरीही बीजिंगने लगेच आक्षेप नोंदवलाच.

उलट बाजूची घाईही नको. शेवटच्या ओळीतल्या ‘तैवान हा देश’ने प्रश्न सुटत नाही. केरळहून किंचित लहान असे हे बेट, लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या पुढे. १९८७पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, तिथे लष्करी कायदा होता. १९९६पासून लोक थेट मतदानाने अध्यक्ष निवडतात. सैन्य, चलन, पारपत्र सारे स्वतःचे. पण जानेवारी २०२४मध्ये लाय छिंग-त अध्यक्षपदी निवडून आल्यावर दोनच दिवसांत नाउरू या चिमुकल्या देशाने साथ सोडली, तेव्हा औपचारिक मान्यता देणारे बाराच देश उरले. राज्यघटना अजूनही १९४०च्या दशकात चीनमधल्या नानजिंगला केलेली तीच, दुरुस्त्यांसह. आणि स्वातंत्र्य जाहीर केले तर बळाचा वापर करू, अशी तरतूद चीनने २००५च्या कायद्यात लिहूनच ठेवली आहे. म्हणून त्साय इंग-वेन अध्यक्ष असताना म्हणाल्या होत्या की आम्ही आधीच स्वतंत्र आहोत, वेगळे जाहीर कशाला करायचे? तिथल्या पाहण्यांतही वर्षानुवर्षे बहुसंख्य लोक ‘आहे तसेच चालू द्या’ असे या ना त्या शब्दांत सांगत आले आहेत. दुरून हे कुणाला भित्रेपणाचे वाटेल. किनमेनमध्ये राहणाऱ्याला वाटणार नाही. तैवानच्या ताब्यातले ते बेट चीनच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर आहे. १९५८पासून तिथे इतके तोफगोळे पडले की त्यांच्या पोलादापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करण्याचा धंदाच उभा राहिला, आणि पर्यटक आजही त्या विकत घेतात.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ‘स्वयंशासित बेट’ लिहावे आणि पुढे ‘ज्यावर चीन हक्क सांगतो’ एवढे जोडावे. मथळ्यात जागा नसेल तर नुसते ‘तैवान’ पुरे. ‘फुटीर’ हवेच असेल तर अवतरणात, आणि कोण म्हणते ते सांगून.

क्रीडा पानावरचे ‘चायनीज तैपेई’ मात्र तसेच राहू द्यावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या उपांत्य फेरीत आपल्या सिंधूला हरवणारी ताय त्झू यिंग त्याच नावाने खेळली. तिथे आणि नंतर पॅरिसमध्ये पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात चिनी जोड्यांना हरवून सुवर्ण घेणाऱ्या तैवानी जोडीसमोरही ऑलिंपिकची वर्तुळे असलेला पांढरा ध्वजच वर गेला. हे नाव १९८१च्या करारातले आहे. ते बदलून ‘तैवान’ करावे का, असे २०१८मध्ये तिथल्या मतदारांना सार्वमतात विचारले गेले. नाव बदलले तर खेळाडूंचा सहभागच धोक्यात येईल असा इशारा ऑलिंपिक समितीने आधीच दिला होता. मतदारांनी प्रस्ताव नाकारला.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त मुद्रितशोधक), मिरज