ताई ओ!

हाँगकाँग, रविवार रात्र

ती. आजीस साष्टांग नमस्कार,

आईला फोनवर अर्धंच सांगून झालं, मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. म्हणून तुला सविस्तर लिहिते. चष्मा सापडला नाही तर आईकडून वाचून घे.

आज ताई ओला गेले होते. गावाचं नावच ते, कुणी लांबून हाक मारावी तसं! लांताव बेटाच्या पश्चिम टोकाला कोळ्यांचं गाव. तुंग चुंगहून 11 नंबरची बस, पाऊणएक तास वळणावळणाचा रस्ता. उतरले आणि पहिल्याच श्वासाला वरळी कोळीवाडा! गल्लीभर सुकी मासळी टांगलेली. सोबतच्या मैत्रिणीने नाकाला रुमाल लावला. मी मात्र आगोटीच्या खरेदीला निघाल्यासारखी पिशवी बाहेर काढली.

घरं खाडीतच, चिखलात रोवलेल्या खांबांवर. चंदेरी पत्र्याची, उन्हात बघवत नाहीत. पूर्वी होड्यांतच संसार करणाऱ्यांनी ती बांधली. या घरातून त्या घरात फळ्यांवरून जाता येतं. आपल्या चाळीची गॅलरीच, खाली पाणी तेवढं. आज ओहोटी होती म्हणून तेही नव्हतं. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. त्यांना इथे कुणी कालवणात घालताना दिसलं नाही, हे तुला पटणार नाही.

खाडी ओलांडायला 1996 पर्यंत दोराची नाव होती. म्हाताऱ्या बायका दोर ओढून माणसं पलीकडे न्यायच्या. तुला पहिल्याच दिवशी कामावर ठेवलं असतं. आता पूल आहे. गुलाबी डॉल्फिन दाखवतो म्हणून एका होडीवाल्याने फिरवून आणलं, शेपटीसुद्धा दिसली नाही. पैसे अक्षरशः पाण्यात.

पण खरी गंमत जवळ्याची. इथे तो मीठ घालून वाटतात आणि बांबूच्या मोठ्या गोल सुपांत पसरून उन्हात ठेवतात. रंग राखाडी-जांभळा, दिसायला अगदी शेणाचा पो. मी बोटभर चाखला. आधी मिठाने जीभ आखडली, मग मागून हळूच तुझा जवळा आला. तू गॅलरीत वाळत घातलास म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी महिनाभर अबोला धरला होता, तोच. हाँगकाँगने 2012 च्या अखेरीस ट्रॉलरची मासेमारी बंद केली, तेव्हापासून जवळा चीनमधून येतो. वाटणं-वाळवणं तेवढं गावाचं उरलंय. विकणाऱ्या बाईने मला दुसऱ्यांदा चाखायला दिलं नाही, बरणी पुढे केली. मच्छीवाल्या सगळीकडे सारख्याच.

बरणी तीन पिशव्यांत गुंडाळून आणली, तरी बसमध्ये शेजारची जागा रिकामीच राहिली. मैत्रिणीने फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही. सध्या ती खिडकीबाहेरच्या कठड्यावर आहे.

आता सांग, याला लसूण किती पाकळ्या, आणि कोकम आधी की मागून? मीठ घालू नको हे माझं मला कळलंय.

तुझी,
मनू