क्रिस्टल तुझो, थर तूच काढ

आदरणीय काका,

प्रबंध एकदाचा जमा झाला. आभाराच्या पानावर तुमचं नाव घालू दिलं नाहीत, म्हणून हे उघड पत्र. नाव इथेही लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

मालवणात नोकरी सांभाळून टोपोलॉजिकल इन्सुलेटरवर पीएचडी करतेय म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्या. तुम्ही यंत्र सांभाळता त्या प्रयोगशाळेत येण्याआधी एका मोठ्या ठिकाणच्या साहेबांनी तर तोंडावरच विचारलं होतं, "कोकणात बसून स्पिन कशाला मोजायचा?" मोजायचा नव्हता तर नाही म्हणायचं. माझे बिस्मथ सेलेनाइडचे, म्हणजे अशाच एका टोपोलॉजिकल इन्सुलेटरचे, क्रिस्टल ठेवून घेतले, अख्खा पावसाळा टेबलावर उघडे टाकले आणि काळवंडलेले परत पाठवले. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. या पदार्थाचं काजूच्या बीसारखं आहे: झोंबणारं तेल सगळं टरफलात, गराला त्याचा पत्ता नाही. तशी इथे वीज पृष्ठभागावरून वाहते, आत अडते. शिवाय पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व, त्याच्या धावण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. उलट फिरायचं तर स्पिनही उलटा करावा लागतो, आणि चुंबकीय नसलेल्या साध्या दोषांना ते जमत नाही. कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात क्रिस्टल वाढवताना सेलेनियम उडून जातं, त्या रिकाम्या जागा जादा इलेक्ट्रॉन सोडतात, आतला गरही वीज वाहायला लागतो आणि पृष्ठभागाचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. त्यात आमच्या दमट हवेत ताजा पृष्ठभागही बघता बघता बिघडतो.

तुमच्याकडे द्रव हेलियमच्या गारठ्यात मोजायला दुसऱ्या कुणाचे नमुने चढणार होते. नमुने बसवायच्या होल्डरवर एक जागा रिकामी होती, ती तुम्ही मला दिलीत. तेवढंही पुष्कळ होतं. पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. क्रिस्टल मायक्रोस्कोपखाली ठेवून वरचा बिघडलेला थर सोलून काढायला तुम्ही चिकट टेपचा तुकडा कापलात, मी बाजूला सरकले, कारण आजवर माझ्या नमुन्यांना दुसऱ्यांचेच हात लागले होते. तुम्ही टेप माझ्या पुढे धरलीत. "क्रिस्टल तुझो मा गो? मगे पयलो थर तूच काढ." माझा हात थरथरत होता, तुम्ही दिवा जरा तिरका केलात आणि गप्प उभे राहिलात. थर निघाला, खाली आरशासारखी चकचकीत जागा. एवढ्या वर्षांत "हे तुझं आहे" असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

आलेखात शून्य चुंबकीय क्षेत्रापाशी रोधाचा टोकदार खळगा दिसला, तेव्हा पृष्ठभागावरचा स्पिनच सापडला असं वाटून मी नाचायचीच बाकी होते. तिथेही तुम्हीच लगाम घातलात. खळगा म्हणजे स्पिन मोजला असं नव्हे, बिस्मथसारख्या जड अणूंमुळे आतल्या भागातूनही तो येऊ शकतो. स्पिन थेट बघायचा तर चुंबकीय धातूचं टोक लावावं लागतं, 2014 मध्ये याच पदार्थावर अमेरिकेत केलं तसं. प्रबंधात मी तेवढाच दावा केला. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, आणि माझ्याकडे उत्तर होतं.

शोधनिबंधावर नावं असतात प्राध्यापकांची. यंत्र रात्रभर जागवणारी, दुसऱ्याच्या नमुन्याला आपल्या पोरासारखं जपणारी माणसं तळटीपेतही नसतात. आणि तरी ती पुढच्याला जागा करून देतात, बाहेर मिरवत नाहीत. देशाचं विज्ञान चालतं ते बरंचसं अशांच्या जिवावर, असं माझं ठाम मत झालंय. साहेबांना वाईट वाटलं तर वाटो.

आता अँटिमनी आणि टेल्युरियम मिसळून नवे क्रिस्टल वाढवलेत, आतला गर बराच गप्प बसेल अशी आशा आहे. सिलिका जेलसकट डबाबंद ठेवलेत. होल्डरवर जागा असली की कळवा, टेप मी घेऊन येते.

तुमची,
मालवणची विद्यार्थिनी