उजवीकडचा दिवा

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी संध्याकाळी तू निघालीस तेव्हा मी फाटकातच उभा होतो. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला तू ब्रेक दाबलास आणि मागे डावीकडचाच दिवा उजळला. उजवीकडचा जसा मंद जळत होता तसाच राहिला. हाक मारेपर्यंत तू वळलीही होतीस. गाडी चालवताना तू फोन उचलत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. पण तुझा ‘पोहोचले’ असा निरोप येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मागचे दोन्ही दिवे लागतात, मी बघितलं." तू बघितलास तो टेल लाइट. आपल्या गाडीत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. 5 वॅटची बारीक तार रात्रभर मंद जळते आणि 21 वॅटची जाड तार ब्रेक दाबला की पेटते. जाड तार तुटली तरी बारीक जळत राहते, म्हणून दिवा चालू आहे असंच वाटतं. मागचा माणूस मात्र तो दिवा उजळायची वाट बघत असतो.

आणि तुझा रस्ता कसला, तर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की थेट नवले पुलापर्यंत उतार. मागे भरलेले ट्रक. तिथे तू गिअर कमी करून उतरतेस, मीच तसं शिकवलंय, आणि ते सोडू नकोस. पण गिअरने वेग कमी केला तर ब्रेक लाइट लागत नाही, हे तेव्हा सांगायचं राहिलं. म्हणून मधून मधून पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श करत जा. मागच्याला तेवढं पुरतं, पण त्यासाठी दिवे धड हवेत.

आधी तपासून घे. किल्ली न फिरवताही आपल्या गाडीचा ब्रेक लाइट लागतो. सीट थोडी पुढे घे, छत्री ब्रेकच्या पेडलवर टेकव, दुसरं टोक सीटला घट्ट अडकव की पेडल दबलेलं राहील. मग मागे जाऊन नीट बघ. छत्री घसरत असेल तर पार्किंगमधल्या भिंतीकडे गाडीची पाठ करून उभी कर आणि आरशात भिंतीवर पडणारा लाल उजेड बघ. मागच्या काचेवरचा तिसरा दिवाही बघायचा. तिन्ही लागत नसतील तर बल्बच्या मागे लागू नकोस. तिथे फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच गेलेला असतो.

आता बल्ब. दिवे बंद कर, गाडी चालवून आली असशील तर थोडं थांब, बल्ब चांगलाच चटका देतो. डिकीचं दार उघडलंस की दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतील. ते काढ आणि दिवा सरळ मागे ओढ. तो सहज येत नाही, पण वाकवू नकोस. मागचा होल्डर डावीकडे थोडा फिरवला की सुटतो. मग बल्ब आत दाबायचा आणि दाबलेलाच डावीकडे फिरवायचा. उजेडासमोर धर. काच काळवंडलेली असेल, नाहीतर तुटलेली तार आत लोंबताना दिसेल.

तो जुना बल्ब दुकानात घेऊन जा. ‘ब्रेक लाइटचा बल्ब द्या’ एवढंच म्हणालीस तर सिंगल पॉइंटचा हातात ठेवतील. आपल्याला दोन पॉइंटचा हवा. पितळी बुडाखाली शिशाचे दोन ठिपके असतात आणि बुडावर ‘पी 21/5 डब्ल्यू’ असं कोरलेलं असतं. बाजूच्या दोन पिनांकडे नीट बघ: एक वर, एक जरा खाली. तो बल्ब एकाच बाजूने बसावा म्हणून ही सोय आहे. मागे एका गॅरेजमध्ये पोराने तो उलटा दाबून बसवला होता. टेल लाइट भगभगीत आणि ब्रेक दाबला तर मिणमिणता! घरी येईपर्यंत मला पत्ता नव्हता. बसत नसेल तर जोर करू नकोस, अर्धा फेरा फिरवून बघ.

बसवण्याआधी होल्डरच्या आतही बघ. पावसाचं पाणी शिरलं की पत्र्यांवर हिरवट थर धरतो. पॉलिश पेपरच्या तुकड्याने तो घासून काढ. नवा बल्ब घालूनही मंदच जळला, किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणायला लागला, तर अर्थिंग गेलंय असं समज. ते आपण नाही करायचं, वायरिंगवाल्याकडे जा. नवा बल्ब रुमालात धरून बसव.

डावीकडचाही लगेच बदल. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले आहेत, तोही फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही. एक जास्तीचा घेऊन कापडात गुंडाळून समोरच्या खणात ठेव, स्क्रू ड्रायव्हरसकट.

हे होईपर्यंत रात्री गाडी काढू नकोस. शनिवारी येणार असशील तर एसटीने ये, मी स्टँडवर येतो. आईने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे.

तुझे,
बाबा