मंत्रिसाहेब, एकदा आमचं शेवाळ बघून जा

मा. शालेय शिक्षण व साक्षरता मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु यांस,

सा. न. वि. वि.

बेळगावाकडून मराठीत पत्र आलं म्हणजे सीमाप्रश्नाचं निवेदन, असं समजून बाजूला ठेवू नका. विषय शेवाळाचा आहे.

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलेली एक जुनी विद्यार्थिनी परवा घरी आली. म्हणाली, "सर, उजेड पाडून मेंदूतली पेशी चालू करतात म्हणे. खरं काय?"

खरं आहे. डबक्यात, ओल्या मातीत क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शेवाळ असतं. (शेजारच्या कन्नड वर्गात त्याला पाची म्हणतात.) त्याला उजेडाची दिशा कळते ती चॅनलऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे. निळा प्रकाश पडला की या प्रथिनातली वाट खुली होते आणि धनभारित आयन पेशीत शिरतात. 2005 साली बॉयडन, डायसेरोथ आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत घातलं, आणि प्रकाशाच्या एकेका झोताला पेशी विद्युतसंदेश देऊ लागल्या.

पोरगी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. "पण पेशीच्या आतले निरोप कसे बघतात?" खरा अवघड प्रश्न तोच. औषध टाकलं तर ते आजूबाजूच्या सगळ्याच पेशींत पसरतं आणि लगेच काढूनही घेता येत नाही. उजेड हवा तिथे पाडता येतो, हवा तेव्हा बंद करता येतो. म्हणून 2009 मध्ये गाईच्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाला, ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाचा निरोप पेशीवर झेलणाऱ्या प्रथिनाचा (ग्राहीचा) आतला भाग जोडला गेला: बाहेरून प्रकाश घ्यायचा, आत ॲड्रेनॅलिन आल्यासारखा निरोप द्यायचा. पुढे बेगियाटोआ या जिवाणूतलं एक विकर (एन्झाइम) हाती आलं. निळ्या उजेडात ते सीएएमपी हा निरोप्या रेणू तयार करतं. स्मरणशक्तीच्या कामात या रेणूचा मोठा हात आहे.

हे सगळं मी तिला कागदावर काढून दाखवलं. पण ते शेवाळ तिने कधीच पाहिलं नव्हतं. शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो कपाटात, आणि चावी क्लार्ककडे. माझ्या नोकरीतली ही लाज मीही वाहतो.

साहेब, आम्ही लेसर मागत नाही. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलाला, मराठी असो की कन्नड, आरशाचा साधा सूक्ष्मदर्शक द्या. करंट गेला तरी तो उन्हावर चालतो. तास चालू असताना कपाट उघडं राहील असा आदेश काढा. आयआयएससी आणि एनसीबीएस या विज्ञान संशोधनाच्या संस्था तुमच्या बंगळुरातच आहेत. तिथल्या संशोधकांना वर्षातून एक दिवस इकडे पाठवा, आणि त्यांच्यासोबत मराठी-कन्नड दोन्ही येणारा एक माणूस.

डिसेंबरात अधिवेशनासाठी बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात याल. बेळगावापासून खानापूर जेमतेम सव्वीस किलोमीटर. हिरव्या पाण्याची बाटली मी अर्धी काळ्या कागदात गुंडाळून ठेवतो. थोड्या वेळाने कागद काढा आणि शेवाळ कुठल्या बाजूला जमलंय ते तुम्हीच बघा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव