संशोधनाचे प्रस्ताव आणि त्यांवरील शेरे खुले असावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव परिसरात राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ अशी दोन विद्यापीठे असल्यामुळे खानापूर, निपाणी, चिकोडीकडील अनेक मराठी मुले-मुली आता संशोधनाकडे वळत आहेत. मात्र संशोधनाचा प्रस्ताव सादर झाल्यावर तो कोणी वाचला, काय आक्षेप घेतले आणि कोणत्या निकषावर तो नाकारला, हे अनेकदा बाहेर कळतच नाही. माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीची रूपरेषा कित्येक महिन्यांनी ‘विषय व्यापक आहे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली. नेमके काय कमी करायचे, हे तिला कोणीच सांगितले नाही.

याउलट खुल्या संशोधनाच्या चळवळीत प्रस्तावाची छाननी माहिती गोळा करण्यापूर्वीच होते. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने २०१३ साली सुरू केलेल्या ‘रजिस्टर्ड रिपोर्ट्स’ या पद्धतीत संशोधक आधी केवळ प्रश्न आणि कार्यपद्धती पाठवतो. ती समीक्षकांना पटली, तर ठरल्याप्रमाणे काम झाल्यास निष्कर्ष काहीही निघोत, लेख छापण्याची हमी मिळते. मानसशास्त्रातील अशा लेखांची तुलना २०२१ साली नेहमीच्या लेखांशी झाली, तेव्हा पहिले गृहीतक खरे ठरल्याचे प्रमाण नेहमीच्या लेखांत ९६ टक्के, तर आधी छाननी झालेल्यांत ४४ टक्के आढळले. फसलेले गृहीतक एरवी कपाटातच राहते, असाच याचा अर्थ मी घेतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पीअर कम्युनिटी इन रजिस्टर्ड रिपोर्ट्स’ या उपक्रमात तर प्रस्ताव स्वीकारला गेल्यावर समीक्षकांचे शेरे आणि संशोधकाची उत्तरेही वाचायला मिळतात. समीक्षकाने नाव द्यावे की नाही, हे त्याच्या मर्जीवर असते.

आपल्या भागाला याची गरज अधिक आहे, असे मला मनापासून वाटते. समजा, निपाणीच्या विडी कामगार महिलांची पाहणी करण्याचा प्रस्ताव आहे आणि प्रश्नावलीत ‘रोजची मजुरी किती?’ असा प्रश्न आहे. विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्यातून नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या वजा होतात, आणि अनेक घरांत लेकीही आईच्या नावावर विड्या वळतात. अशा प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळेल, पण ते खरे नसेल. ही चूक निपाणीतली कोणतीही जाणती बाई प्रश्नावली हातात घेताच दाखवून देईल, फक्त ती तिच्या हाती पडायला हवी, आणि तीही तिला वाचता येईल अशा मराठीत.

कल्पना चोरली जाईल, ही भीती मी निराधार मानत नाही. परंतु तारखेसह नोंदवलेला प्रस्ताव हाच मूळ संशोधकाचा पुरावा ठरतो, आणि गरज असेल तेथे तो ठरावीक मुदतीपर्यंत झाकूनही ठेवता येतो. लहान गावात वरिष्ठांच्या प्रस्तावावर आक्षेप घेणे कनिष्ठ प्राध्यापकाला जड जाते, म्हणून त्याचे नाव गुप्त राहिले तरी चालेल. शेरा मात्र कारणांसह लेखी हवा, आणि समीक्षकाचे संशोधकाशी नाते किंवा स्पर्धा असल्यास त्याने ते आधीच जाहीर केले पाहिजे.

सीमाभागातील विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी निदान सामाजिक विषयांवरील रूपरेषांचा सारांश कन्नड व मराठीत महिनाभर सर्वांसाठी खुला ठेवावा, आलेल्या सूचनांना संशोधकाने लेखी उत्तर द्यावे आणि ते उत्तर प्रस्ताव तपासणाऱ्या समितीपुढे यावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, खानापूर (जि. बेळगाव)