अक्कलदाढ दिसली म्हणजे अठरा पूर्ण?

महोदय,

‘वैद्यकीय तपासणीत आरोपी १८ वर्षांचा असल्याचे निष्पन्न’ या एका वाक्यावर बातमी संपते, तेव्हा नेमके काय तपासले हे कळत नाही. हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणला बोटीवर आलेल्या परप्रांतीय खलाशी पोराकडे शाळेचा दाखला कुठून असणार? आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिका-पंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

ही चाचणी म्हणजे तोंड उघडायला लावून दात मोजणे नव्हे. अक्कलदाढ हिरडीबाहेर येणे हा जागेचा प्रश्न आहे. जबडा लहान असला तर ती पंचविशीतही आडवी अडकून राहते. कित्येकांना ती मुळात नसतेच. पाहायचे असते तिचे मूळ, आणि त्यासाठी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, लागतो. डेमिर्जियन पद्धतीत वाढीचे ए ते एच असे आठ टप्पे आहेत. ‘जी’मध्ये मुळाच्या नळीच्या भिंती समांतर पण टोक उघडे, ‘एच’मध्ये टोक बंद. पुढच्या सात दातांची वाढ सोळाच्या आसपास आटोपते. म्हणजे कायद्याला जो सोळा ते अठराचा पट्टा नेमका हवा, तिथे उरते फक्त अक्कलदाढ, तीही खालची; वरचीची टोके सायनसच्या सावलीत नीट दिसत नाहीत.

कॅमेरिएरेच्या पद्धतीत उघड्या टोकांच्या रुंदीची बेरीज दाढेच्या लांबीने भागतात. उत्तर ०.०८ पेक्षा कमी आले तर अठरा पूर्ण मानतात. समजा टोके मिळून १.४ मिमी आणि लांबी २० मिमी: ०.०७, म्हणजे सज्ञान. हनुवटी नीट टेकवली नाही आणि दाढ फिल्मवर १७ मिमी उमटली, तर ०.०८२. दाढ तीच, मुलगाही तोच, पण खटला बाल न्याय मंडळाकडे!

त्यामुळे ‘वय अंदाजे १८’ एवढेच लिहिलेला अहवाल आमच्या मते परत पाठवावा. दाढेचा क्रमांक (खालची डावी ३८ की उजवी ४८), टप्पा, वापरलेली पद्धत आणि वयाची खालची-वरची मर्यादा त्यात हवीच. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले आहे. शिवाय वय धरायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे. ओपीजी यंत्र प्रत्येक तालुक्यात नसते. जिल्ह्याला नेण्यात सहा-आठ महिने गेले, तर तोवर ‘जी’चा ‘एच’ झालेला असू शकतो. कायद्याने आदेशापासून १५ दिवस दिले आहेत, पण पोलिसांनी आदेशासाठी अर्जच उशिरा केला तर त्या मुदतीचा काय उपयोग?

– दोन दंतवैद्य, रत्नागिरी